ही भिंत कशासाठी उभी आहे? घरात-कारखान्यात भिंत पाडण्याआधी आणि घालण्याआधी

सोलापुरात घराचं काम काढलं की पहिल्याच दिवशी एक वाक्य कानावर येतं, "मधली भिंत काढून टाकू, हॉल मोठा होईल." जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये हेच, मुरारजी पेठेतल्या जुन्या बंगल्यात हेच, आणि पूर्व भागात खाली कापडाचे माग, वर संसार अशा इमारतीतही हेच. गवंडी घण उचलतो, मालक मान डोलावतो, आणि ती भिंत इतकी वर्षं तिथे काय करत होती हे कुणी विचारत नाही.

साइटवर सुपरवायझर म्हणून काम करताना मी हा प्रश्न आधी विचारायला शिकलो. पहिलंच घर घेतलेल्यांसाठी, नवा कारखाना टाकणाऱ्यांसाठी आणि डिप्लोमा करून नुकतेच साइटवर आलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. भिंत पाडायची असो की नवी घालायची, आधी तिचं काम ओळखा.

आधी काम ओळखा

काही भिंती वरचं ओझं जमिनीत नेतात. ही लोड बेअरिंग भिंत. काही भिंती फक्त जागा वाटून देतात, तिला आपले गवंडी पडदी म्हणतात, शिकलेले पार्टिशन म्हणतात. आणि काही भिंती कशाला तरी अडवायला उभ्या असतात, आगीला, धुराला, पाण्याला. या तिसऱ्या प्रकाराकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर पुढे सविस्तर बोलू.

एकच भिंत दोन कामं करते असंही खूपदा होतं. जिन्याभोवतीची भिंत ओझं घेते आणि आग लागल्यावर जिन्यात धूर येऊ देत नाही. ती पाडून तिथे काच बसवली तर गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, टाकून ओझ्याचा प्रश्न सुटेल, धुराचा तसाच राहील.

घर कोणत्या जातीचं आहे ते बघा

भिंतीकडे नंतर वळा, आधी घर बघा. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, घरात कॉलम (उभे खांब), बीम (आडव्या तुळया) आणि स्लॅब (छत) मिळून ओझं घेतात आणि भिंती मध्ये भरलेल्या असतात. लोड बेअरिंग घरात कॉलम नसतात, स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला असतो. खोलीच्या कोपऱ्यात कॉलमचा खांदा दिसतो का, छताखाली बीम उतरलेला दिसतो का, ते पाहा. मात्र नऊ इंची भिंतीत नऊ इंची कॉलम प्लास्टरखाली पूर्ण लपतो, तेव्हा नुसत्या नजरेवर जाऊ नका. मूळ नकाशा मिळवा. बिल्डरकडे नसेल तर महापालिकेत मंजूर नकाशाची नक्कल मागता येते.

जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं छत असलेलं, घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वर बघा, कड्या (छताखालची आडवी लाकडं) कशावर टेकल्यात ते शोधा. कड्यांचं टोक ज्या भिंतीत शिरलंय ती भिंत छत धरून आहे. कड्या तुळईवर आणि तुळई लाकडी खांबांवर असेल तर भिंतीवर ओझं कमी, पण खांब भिंतीच्या पोटात असू शकतो. दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंतीत नवं दार फोडायची घाई तर अजिबात नको. या भिंती म्हणजे बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-चिपांची भरती. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नसतील तर धक्क्याला थर एकमेकांपासून सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हेच झालं. वर मातीचं जड छत, खाली न बांधलेल्या दगडी भिंती. त्या पहाटे सोलापुरातही माणसं घराबाहेर पळाली होती. आपला जिल्हा त्या गावांपासून फार लांब नाही, हे जुन्या भिंतीला हात लावताना ध्यानात असू द्या.

मग भिंत मोजा आणि उकरा

दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजा. प्लास्टरसकट साधारण सहा इंच भरली तर साडेचार इंची भिंत, दहाच्या आसपास भरली तर नऊ इंची. पण जाडीवरून निकाल देऊ नका. आरसीसी घराची बाहेरची नऊ इंची भिंत ओझं घेत नसते, आणि जुन्या बैठ्या बंगल्यात मालकाने पैसे वाचवायला घातलेल्या साडेचार इंची भिंतीवरही कुणीतरी स्लॅब टेकवलेला मी पाहिलाय.

छताला लागून, भिंतीच्या माथ्यावर, वीतभर प्लास्टर छिन्नीने काढा. विटांवर बीमचं काँक्रीट दिसलं तर बीम आहे. विटांवर थेट स्लॅब दिसला तर हात थांबवा. मग वरच्या मजल्यावर जा. याच रेषेत वरही भिंत असेल, तर खालची काढल्यावर वरची कशावर राहणार? आणि ड्रिल सगळीकडे काँक्रीटलाच लागत असेल, वीट कुठेच येत नसेल, तर ती भिंत कॉलमसारखीच समजा. नव्या मोठ्या इमारतींत काँक्रीटच्याच भिंती ओततात. तिथे एसीच्या पाइपचं भोकसुद्धा विचारल्याशिवाय पाडायचं नाही.

इथे साइटवरची एक गोष्ट सांगतो. कारखानदाराशी बोलताना 'बीम' हा शब्द जपून वापरा. त्याच्यासाठी बीम म्हणजे सूत गुंडाळलेला, मागाला लावायचा रूळ. एकदा मी म्हणालो, "बीमखालची भिंत ठेवा." मालकाने मागाच्या बीमजवळची भिंत ठेवली आणि छताच्या बीमखालची पाडायला सांगितली. माणसं वेळेवर थांबली, कारण गवंडी शहाणा होता. तेव्हापासून मी खडूने फुली मारतो आणि फुलीचा फोटो सगळ्यांना पाठवतो.

पडदी आहे म्हणून सगळ्याच पाडू नका

आरसीसी घरातली पडदी ओझं घेत नाही हे खरं, पण भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा कॉलमच्या मध्ये बसलेल्या विटा तिला ताठ ठेवायला मदत करतात. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात दूर अहमदाबादमध्येही बऱ्याच इमारती कोसळल्या, आणि त्यांपैकी अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंती, खाली नुसते कॉलम. सगळं हलणं खालच्या मजल्यावर गोळा होतं आणि कॉलम मोडतात. म्हणून रस्त्यावरच्या घराच्या तळमजल्यात दुकान काढायचं म्हणून सगळ्या भिंती झाडून टाकणं धोक्याचं. एखादी पडदी काढणं वेगळं, अख्खा मजला मोकळा करणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी हिशोब हवाच.

लोड बेअरिंग भिंतीत दार काढायचंच असेल तर

हे काम नवख्याने करायचं नाही, पण काय चाललंय ते कळलं पाहिजे म्हणून क्रम सांगतो. इंजिनिअर गर्डर किंवा दारावरच्या आरसीसी लिंटेलचा आकार देतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, हात-दोन हात अंतरावर, खाली-वर फळी ठेवून लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, घट्ट करतात. प्रॉपच्या खाली फरशी पोकळ आहे का, हे ठोकून बघितलंच पाहिजे. मग आधी वरची खाच पाडून गर्डर सरकवतात, त्याची टोकं दोन्ही बाजूंना कमीत कमी सहा इंच शाबूत भिंतीवर बसवतात, वरची फट सिमेंट-वाळूच्या घट्ट मालाने ठासतात, आणि माल पक्का झाल्यावरच खालच्या विटा निघतात. एखादा मिस्त्री "आधी खाली मोकळं करू, मग गर्डर घालू" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा मिस्त्री शोधा.

सोसायटी असेल तर समितीची लेखी परवानगी, आणि रचनेला हात लागणार असेल तर महापालिकेची. हे कागद आधी लागतात, पाडून झाल्यावर नाही.

नवी भिंत घालायची, तर आधी तिचं वजन करा

दहा फूट उंचीची साडेचार इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर केलेली, दर फुटाला साधारण अडीचशे किलो भरते. फुटाफुटावर दोन-दोन मोटारसायकली उभ्या केल्यासारखं. दहा फूट लांबीची घातली की अडीच टन. आता स्लॅबकडे बघा. घराचा स्लॅब माणसं-सामानासाठी दर चौरस मीटरला 200 किलो धरून आखतात. दहा बाय बाराच्या खोलीला हे सगळं मिळून सव्वादोन टन होतात. म्हणजे अख्ख्या खोलीला सामानासाठी जेवढं वजन धरलेलं, त्याहून जास्त तुमची एक भिंत, आणि तेही एका रेषेत. खाली बीम असेल तर ठीक, स्लॅबच्या मधोमध असेल तर विटांची भिंत नकोच.

त्याच मापाची चार इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत दर फुटाला शंभर किलोच्या आसपास येते. लोखंडी फ्रेमवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड लावलं तर पंचवीस किलोच्या आतबाहेर. वरच्या मजल्यावर मुलाची खोली वेगळी काढायची असेल तर मी डोळे झाकून बोर्ड सुचवतो. मात्र बाथरूमला लागून असेल तर ओलाव्याला टिकणारं बोर्ड घ्या, आणि जड कपाट टांगायचं असेल तर त्या जागी आतून प्लायची पट्टी आधीच बसवून घ्या.

तळमजल्याला वाटतं, खाली जमीन आहे, काळजी कसली? सोलापुरात खरी काळजी इथेच आहे. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मागच्या उन्हाळ्यात होटगी रोडकडच्या एका घरात बघायला गेलो, तर मुख्य घर ठणठणीत आणि नंतर घातलेली स्वयंपाकघराची भिंत कोपऱ्यापासून तिरपी चिरलेली, भेगेत पन्नास पैशाचं नाणं उभं राहील एवढी. भिंत थेट फरशीवर उभी केली होती. घराचा पाया मुरमावर, भिंत काळ्या मातीच्या भरावावर, मग दोघं बरोबर कसे राहतील? विटांची नवी भिंत घालायची तर फरशी फोडा, मुरूम लागेपर्यंत खाली जा, किंवा प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या बीमवर, घ्या. तेवढा खर्च नको असेल तर हलकं पार्टिशन करा.

बांधताना

साडेचार इंची भिंतीला एक सिमेंट, चार वाळू हा माल ठेवा, आणि दर तीन-चार थरांनंतर सांध्यात सहा मिलिमीटरची सळई टाका. विटा आदल्या दिवसापासून भिजलेल्या हव्यात. एका दिवसात चार-साडेचार फुटांच्या वर चढू नका. ओळंबा दर थराला लावा, शेवटी लावून काही उपयोग नसतो.

माथ्याशी विशेष जपा. सुरुवातीच्या दिवसांत मी एक भिंत तिसऱ्या दिवशी बीमला भिडवून टाकली, दोन महिन्यांत बीमखाली सरळ रेषेत भेग आली. ओला माल वाळताना बसतो, भिंत खाली उतरते. शेवटचा थर आठ-दहा दिवस सोडून द्यायचा आणि मग ठासून भरायचा. काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरच्या आत जाळी लावायची.

आणि पाणी मारणं. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा 43-44 अंशांवर जातो, वारा कोरडा. सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून जातं. गोणपाट लावून दिवसातून तीनदा, दहा दिवस. एएसी ब्लॉकला मात्र असं भिजवायचं नाही, वरून हलका शिडकावा पुरे, आणि जोडायला त्याचा वेगळा माल मिळतो तो वापरा.

वायरमन वायरसाठी झिरी (भिंतीत लांब खाच) मारायला आला की तिथेच उभे राहा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे जेमतेम पाऊण इंच, त्यामुळे मी ती मारूच देत नाही.

जोड आणि दुरुस्ती

नवी भिंत जुनीला भिडते तिथे जुन्या भिंतीत एकाआड एक थराला खाच पाडून नवी वीट आत शिरवायची, याला दाते सोडणं म्हणतात. किंवा ड्रिल करून सळया रोवायच्या. नुसती चिकटवून वर प्लास्टर ओढलं तर दिसायला दोन्ही सारखंच.

दिसायला सारखं, यावरून एक विमान आठवतं. विमानाच्या शेपटीपाशी, प्रवाशांच्या भागाला बंद करणारी, घुमटासारखी एक भिंत असते. उंचीवर आतली हवा दाबलेली असते, बाहेरची विरळ, आणि तो सगळा दाब ही भिंत पेलते. 1978 मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग 747 ची शेपूट उतरताना धावपट्टीला घासली. ही भिंत दुरुस्त केली, पण जोडपट्टी अखंड न लावता दोन तुकड्यांत लावली, आणि जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे प्रत्यक्षात एकीवर आला. विमान सात वर्षं, बारा हजारांवर उड्डाणं, काही न होता उडालं. 12 ऑगस्ट 1985 ला ती भिंत फाटली, सुटलेल्या हवेने मागचं उभं शेपूट उडवलं, विमान वळवणारी हायड्रॉलिक यंत्रणा गेली. 524 पैकी 520 माणसं गेली. जोड झाकला गेला होता, बाहेरून तो धड दिसत होता.

म्हणून माझ्या साइटवर नियम आहे. प्लास्टरआधी प्रत्येक जोडाचा फोटो, टेप लावून, मालकाच्या मोबाइलवर. गवंडी कुरकुरतात, तरी मी सोडत नाही.

अडवणारी भिंत

आता कारखान्याकडे वळू. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या आगीचा निवाडा करायला मी कोणी नाही. पण खाली माग, बाजूला सुताचं गोडाऊन आणि वर राहतं घर अशी रचना आपल्या शहरात जागोजागी आहे, आणि तिथे कुठली भिंत कशाला अडवते हा प्रश्न त्या दिवसानंतर टाळता येत नाही.

बहुतेक शेडमध्ये गोडाऊन आणि मागांच्या मधली भिंत आठ-दहा फूट उंच असते आणि तिच्यावर पत्र्यापर्यंत मोकळं. मालक म्हणतो, वारा खेळतो. धूरही तिथूनच खेळतो. गरम धूर आधी वर जातो, पत्र्याखाली पसरतो आणि भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे उतरतो. खाली भिंत कितीही जाड असली तरी काही उपयोग नाही.

टायटॅनिकचं हेच झालं. जहाजाच्या रुंदीतून 15 भिंती घालून 16 कप्पे केले होते, आणि पुढचे चार भरले तरी जहाज तरंगेल असा हिशोब होता. 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनगाने चारांहून जास्त कप्पे उघडे पाडले. भिंती मजबूत होत्या, पण त्या पुरेशा उंचीपर्यंत गेलेल्या नव्हत्या. नाक खाली गेलं तसं एका कप्प्यातलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात. दीड हजार माणसं गेली. त्यानंतर 1914 मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या शेडमधली अर्धवट भिंत बघताना मला दर वेळी ते जहाज दिसतं.

तेव्हा गोडाऊनची भिंत पत्र्याला भिडवा, जमलं तर पत्र्याच्या वर फूट-दीड फूट काढा. प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत आगीला साधारण दोन तास तोंड देते, नऊ इंची चार तासांच्या आसपास. प्लायचं पार्टिशन स्वतःच जळण आहे, सुताशेजारी ते ठेवू नका. नुसत्या लोखंडी फ्रेमवरही विसंबू नका, साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची निम्मी ताकद जाते. भिंतीत दार हवंच असेल तर ते आगीला टिकणारं, आपोआप बंद होणारं घ्या, आणि माल हलवायला सोपं म्हणून त्याला वीट लावून उघडं ठेवू देऊ नका. वर कुटुंब राहत असेल तर त्यांचा जिना मागांच्या शेडमधून जाता कामा नये, बाहेरून वेगळा काढा. खिडक्यांना ग्रिल असेल तर एक तरी आतून उघडणारी ठेवा. भिंतीच्या माथ्यावर आणि बीमच्या कडेला रुई साचते, ती आठवड्याला झाडा, कारण आग त्या पट्टीवरून पळत जाते. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ते आहे. संस्थेचा माणूस येईल त्या दिवशी त्याला भिंतीही दाखवा.

शेवटची तपासणी

भिंत झाली, रंग झाला, मग रात्री एक काम करा. दोघं जण लागतील. एकाने गोडाऊनमध्ये मोठी बॅटरी घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने शेडमध्ये, सगळे दिवे बंद, दार लावलेलं. बॅटरी हळूहळू भिंतीच्या कडेने फिरवायची, आधी पत्र्याखालून, मग पाइपांभोवती, मग केबल जिथून आरपार गेल्यात तिथून. एका कारखान्यात नव्याकोऱ्या भिंतीत आम्हाला अकरा ठिकाणी उजेड दिसला. सगळ्यात मोठं भोक इंटरनेटच्या बारीक वायरसाठी पाडलेलं, मूठ जाईल एवढं.

प्रत्येक जागी खडूने गोल करा. मोठी भोकं वीट-सिमेंटने बुजवा, केबलभोवती आगीला टिकणारा सीलंट भरा, फोम भरू नका, साधा फोम पेटतो. आणि यापुढे वायरमन, एसीवाला, कॅमेरेवाला कुणीही भिंतीला ड्रिल लावून गेला, की त्याच रात्री बॅटरी घेऊन पुन्हा तिथे उभे राहा.